तिवसाची घळ

उस्ताद,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली. या आठवड्यात मी पहिल्यांदा तुमच्या गावात परत गेलो, एक दिवस राहिलो आणि निघून आलो. तेव्हापासून तोंडाला चव नाही. अमरावतीत कापसाच्या एका वखारीच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. कागद दलालाच्या कारकुनाकडून मागून घेतले, शाईही त्याचीच. समोर गाड्यांची रांग आहे आणि हवेत कापसाचा बारीक तूस भरला आहे. तो ओठांना चिकटतो, दातांत येतो, थुंकला तरी जात नाही. गेली सात-आठ वर्षं या मुलखातली माणसं हाच तूस खाताहेत आणि पोट भरलं म्हणून ढेकर देताहेत. मला त्यांची किळस आली आहे. माझीही आली आहे, पण त्याकडे मी हळूहळू येतो. सांगायचं एवढंच आहे, की तुमची घळ राहिली नाही, तिचं पाणी आटलं, आणि त्यापायी तुमच्या गावानं पहाडावरच्या भुमक्याला मीठ देणं बंद केलं आहे. एका दमात सांगून टाकावं असं ठरवून बसलो होतो, पण तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. पाचर आणायला पाठवलं तर मी वाटेत सरडा बघत बसायचो.

तुम्ही गेलात तेव्हा कापूस हे वावरातल्या चार पिकांपैकी एक पीक होतं. पुढं समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात माणसं आपसात लढायला लागली, त्यांचा कापूस विलायतेला जाईना, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकदम आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. मग इथली माणसं पिसाळली. ज्वारी मोडून कापूस लावला. गुरांचं गायरान नांगरलं, स्मशानाची कड नांगरली, बांधावरचा निंब सावली धरतो म्हणून तोडला. इकडून आगगाडीचे रूळ आले. त्या रुळांखाली आडवी लाकडं लागतात, साहेब त्यांना स्लीपर म्हणतात, आणि ती सागाची लागतात. कापूस दाबून गठाणी बांधायला वाफेची यंत्रं आली, त्यांच्या भट्टीला लाकूड लागतं. रुळांपर्यंत कापूस न्यायला गाड्या लागतात, गाड्यांना पुन्हा लाकूड. सगळ्यांनी माना वर केल्या तर समोर पहाड उभा होता. पहाड कुणाचा, तर कुणाचाच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. वर जे कोरकू राहतात त्यांना विचारावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आजीबाईच्या झोपेत तिची पोतडी उचकावी तसा लोकांनी पहाड उचकला.

दर्यापूरकडच्या एका गावात मी महिनाभर चाकं बांधत होतो. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याला शंकरपटाच्या शर्यतीत पळवायच्या दमणीसाठी चांदीची धाव हवी होती. म्हणजे चाकाच्या लोखंडी धावेवरून चांदीचा पत्रा. मी आरे वाजवून पाहिले तर लाकूड ओलं. हिरवं कापून, चार दिवस उन्हात टाकून, तसंच ठोकलेलं. मी त्याला म्हटलं, पाटील, हे चाक एक पावसाळा काढणार नाही. तो पानाची पिंक टाकून म्हणाला, "लाकूड कोन पाह्यते बे? लोक चांदी पाह्यतीन." आणि भोवतालचे सगळे हसले. मीही हसलो उस्ताद, कारण जेवण त्याच्याकडे होतं. पुढच्या पोळ्याला त्या चाकाचे आरे मधल्या तुंब्यातून दातांसारखे हलत होते आणि बायका उकिडव्या बसून पत्र्याची चांदी सोलत होत्या. या सगळ्या तेजीचं चित्र काढ म्हणून कुणी सांगितलं तर मी तेवढंच काढीन.

तुम्ही लाकूड पाहायचात. मला मामानं तुमच्याकडे आणून सोडलं, कारण पंतोजीच्या शाळेत मी दोन वर्षांत बाराखडी शिकलो आणि तेवढ्यात चार वेळा पळालो. तुमच्या पडवीत किकरं, पटाशी, वाकस असं सगळं ओळीनं टांगलेलं असायचं, आणि काकू चुलीवरून ओरडून सांगायची की पोराला आधी जेवू दे, मग झाड शिकव. दुसऱ्या वर्षी मी विटीदांडूसाठी नाल्याकाठच्या तिवसाची एक फांदी तोडली. चांगली सरळ होती. तुम्ही नुसतं आभाळाकडे पाहिलंत आणि म्हणालात, हा दांडू तुझ्या उशाशी ठेव, रोज सकाळी कागदावर झटकून मला दाखव. महिनाभर काही पडलं नाही, मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग एका सकाळी कागदावर पिवळी भुकटी पडली, हळदीसारखी. दुसऱ्या दिवशी जास्त. पंधरा दिवसांत तो दांडू माझ्या हातात मोडला, आत नुसतं पीठ. तेव्हा तुम्ही सांगितलंत की उजेड्या पंधरवड्यात झाडाच्या अंगात रस चढलेला असतो, तेव्हा तोडलं की भुंगा लागतो. सुतारानं अमावस्येकडच्या दिवसांतच कुऱ्हाड उचलायची. आणि म्हणालात, "चुकी तुयी नाई. पन आता माहीत झालं ना, आता केली तं तुयी." मारलं असतंत तर मी विसरलो असतो.

त्यानंतर तुम्ही मला घळीत नेलंत. वैशाख आहे. खाली गाव तव्यासारखं तापलं आहे, कुत्री रांजणाच्या ओल्या बुडाला पोट लावून पडली आहेत. तुम्ही पुढे, मी मध्ये, मागे भुमका. भुमका म्हणजे वरच्या कोरकू वाडीचा देवऋषी. त्याचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, तोही तुम्हाला नुसतं सुतार म्हणायचा, आणि तुम्हा दोघांएवढी दोस्ती मी पुन्हा पाहिली नाही. दोन टेकड्यांच्या मधून, फांद्यांखालून वाकून आत जावं लागतं, आणि आत शिरल्याबरोबर कुणी ओलं फडकं मानेवर ठेवावं तसा गारवा. वर तिवस, धावडा, साग, हळदू, एकात एक गुंतलेले. ऊन खाली येतं ते चाळणीतून आल्यासारखं. पाखरं एवढी की बोलायला आवाज चढवावा लागतो. खाली पाचोळा. तुम्ही माझा हात धरून त्या पाचोळ्यात कोपरापर्यंत खुपसलात, आणि माझी बोटं ओली होऊन बाहेर आली. वैशाखात. मी वास घेतला. तळघरातल्या मडक्याचा असतो तसा, गार आणि जुना.

"पाणी आभायातून येते म्हन्तेत लोक," तुम्ही म्हणालात. "येते. पन राह्यते इथंसा. हे झाडं पावसाले खाली हळू उतरवतेत, पाला त्याले पेते, मुया त्याले धरतेत. मंग पहाड वरीसभर चूळ-चूळ सोडते. झाडं काढली का थेच पाणी दरोडा घालून जाईन, आन् जाताना मातीबी नेईन."

घळीच्या तळाशी तो झरा होता, मनगटाएवढा. तोच खाली गावाच्या कुंडात यायचा. गावातल्या कुणाला वाटायचं की देवीनं दिला, कुणाला वाटायचं की कुण्या पूर्वजानं बाण मारून काढला. तो घळीनं दिला होता हे तुम्हाला, भुमक्याला आणि त्या दिवसापासून मला माहीत झालं. तुम्ही तिथून वर्षाला एकच झाड घ्यायचात. भुमका आदल्या संध्याकाळी कुऱ्हाड झाडाला टेकवून ठेवायचा आणि झाडावरच्या पाखरांना, किड्यांना, आणखी जे कोण असेल त्यांना, त्याच्या भाषेत सांगायचा की उद्या सकाळपर्यंत दुसरीकडे जा. सकाळी कुऱ्हाड पडलेली दिसली तर ते झाड सोडून द्यायचं. मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, एवढी कटकट केल्यावर कुठलाही माणूस वर्षाला एकच झाड तोडील, दुसरं तोडायची त्याची हिंमतच होणार नाही. शहाण्या माणसाची युक्ती होती ती. परतताना तुम्ही म्हणालात, घळ कोणाला सांगू नको. मी म्हटलं, नाही सांगणार. तुम्ही पुन्हा म्हणाला नाहीत, एकदाच म्हणालात, कारण तुमचा माझ्यावर विश्वास होता.

मग एका कार्तिकात तुम्हाला हिवताप आला आणि नवव्या दिवशी तुम्ही गेलात. तेरावं झालं आणि मी पळालो. काकूला सांगितलंसुद्धा नाही. पुढं मी खूप फिरलो, ते सगळं लिहीत बसलो तर कारकुनाचे कागद संपतील. एकदा रिद्धपूरच्या वाटेवर एका महानुभाव साधूबरोबर तीन दिवस चाललो. तो दात घासायला हिरवी काडी मोडत नसे, पडलेली वाळकी शोधायचा, आणि मी त्याची टिंगल करायचो. तो रागावत नसे. एवढंच म्हणाला की बाबा, मोडायला वेळ लागत नाही म्हणूनच थांबायचं. मी ते हसण्यावारी नेलं.

आता येतो. तीन वर्षांमागं, माघ महिन्यात, मी पहाडाच्या पायथ्याला एका ठेकेदाराच्या तळावर सुतार म्हणून लागलो. तो तळ म्हणजे काय होतं सांगू? शंभर पावलांवरून वास यायचा. तोडलेल्या सागाचा तुरट वास, त्यात माणसांची घाण, त्यात हरणांची आतडी, कारण जनावरं लपायला जागा न उरून बाहेर पळायची आणि कामगार त्यांना दांडक्यांनी मारायचे. भूक नसली तरी मारायचे. टेकडीच्या टेकड्या नुसत्या खुंटांच्या, आणि खुंटांतून रस वाहून वाळलेला, लाल, जखमेवरच्या खपलीसारखा. ज्या झाडाला उभं राहायला तीन पिढ्या लागल्या त्यातला सरळ भाग स्लीपरला घ्यायचे, बाकीचं सगळं तिथंच टाकायचे नाहीतर पेटवायचे. दिवसभर डोळ्यांतून पाणी. आणि मी तिथं राहिलो. पोटासाठी राहिलो असं म्हणू शकतो, पण तेव्हा सुताराला कुठंही काम होतं. राहिलो, कारण तिथं माणसांचा गोंगाट होता, गंमत होती, संध्याकाळी तमासगीर यायचे.

एका दुपारी जेवणाच्या वेळेला खानदेशातून आलेला एक सुतार तोंड चालवत होता. म्हणाला, वऱ्हाडात साग असेल, पण चाकाचं लाकूड नाही. आरे मोडतात, आस मोडतो, वऱ्हाडी सुतार म्हणजे पाट-पोळपाट करणारा. मुकादम आणि बाकीचे मजेत ऐकत होते. मला राग आला. कुणासाठी आला, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, आमच्या उस्तादांच्या गाड्या अजून चालतात, आणि त्यांचा तिवस जिथून यायचा ते रान पाहशील तर तोंडात बोट घालशील.

मुकादम भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबला. "कुठं हाय थे रान?"

मी म्हटलं, आहे.

"हाय म्हन्ते," तो इतरांकडे बघून म्हणाला. "दाखव ना मंग. का तोंडानंच झाडं लावतं?"

सगळे हसले. एवढंच, उस्ताद. मला कुणी धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. मी त्या हसण्यापायी दिली ती घळ. तुमचीच शेखी मिरवायला दिली, हे तर आणखीच ओंगळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळीस माणसं त्या दोन टेकड्यांच्या मधून वाकून आत नेली. ती आत शिरली आणि वर बघत जागीच उभी राहिली. ते मी पाहिलं. मग कुणीतरी थुंकलं, कुणीतरी शीळ घातली, आणि ठेकेदारानं वाटेतल्या फांद्या तोडवून आपला घोडा आत आणला नि झऱ्यात उभा केला. घोडा तिथंच मुतला. मी मुकादमाला म्हटलं, पौर्णिमा दोन दिवसांवर आहे, अंधारा पंधरवडा लागू द्या, नाहीतर सगळ्याला भुंगा लागेल. तुम्ही शिकवलेलं एवढं एकच मी त्या दिवशी तोंडातून काढलं, आणि तेही लाकूड वाचावं म्हणून. झाडं वाचावीत म्हणून नाही. तो म्हणाला, "चांदण्यात तोडलं तं चांदी निघते, लेका." कुऱ्हाडी पडायला लागल्या तेव्हा पाखरं उठली आणि घळीवर गोल फिरत राहिली. त्यांना आदल्या संध्याकाळी कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी तिथून पळालो. पळणं मला चांगलं जमतं.

त्या लाकडाचं काय झालं ते मला पुढं अकोल्यात कळलं. कापूस दाबायच्या यंत्राच्या भट्टीपाशी तिवसाचे ओंडके रचलेले होते. मी जवळ गेलो. करड्या सालीखाली भोकंच भोकं, हात लावला तर पिवळी भुकटी. भट्टीवाल्याला विचारलं की एवढं चांगलं लाकूड इथं कसं. तो म्हणाला, पहाडाकडच्या एका ठेकेदाराचा माल आहे, सगळा किडका निघाला, गाडीलाही चालेना, रुळालाही चालेना, म्हणून जळणात टाकला. एकही चाक झालं नाही, उस्ताद. तुमच्या घळीचं एकही चाक झालं नाही. धूर झाला आणि तो अकोल्यावर पसरला, आणि त्याखाली माणसं कापसाचा भाव उतरला म्हणून एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. तिकडची लढाई संपली होती म्हणे. मला वाटलं, रडा. आणखी रडा.

या आठवड्यात तुमच्या गावाकडे पाय कसे वळले ते मला सांगता येत नाही. पायथ्याच्या वाटेनं चाललो होतो आणि पहाड ओळखू येईना. फाल्गुनात जिथून गार वारा यायचा तिथून भट्टीच्या तोंडासारखी झळ येत होती. घळीच्या जागी दगडांचा घसरा आहे. गेल्या दोन भादव्यांत पाणी वरून तुम्ही म्हणाला होतात तसंच आलं, दरोडा घालत, आणि लाल माती नि गोटे घेऊन पायथ्याच्या काळ्या वावरांवर पसरलं. चांगली कंबरभर खोल जमीन, तिच्यावर आता गाढवसुद्धा लोळत नाही. झऱ्याचं तोंड बुजलं. कुंड पौषातच आटतं. बायका कोसावर नदीच्या पात्रात जाऊन वाळू उकरतात आणि वाटीवाटीनं पाणी भरतात. मी घोटभर पिऊन पाहिलं, गढूळ आणि कोमट.

काकूनं मला आवाजावरून ओळखलं. तिला आता कमी दिसतं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बारा वर्षांबद्दल एक शब्द काढला नाही, ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण वाढलं, आणि तांब्या पुढं ठेवताना ओशाळून म्हणाली की अर्धाच आहे बाबू, पुरवून पी. मी विचारलं, काकू, हे असं कसं झालं? तेव्हा तिच्या अंगात काय आलं. "त्या भुमक्यानं विकली घय," ती म्हणाली. "दोघाइलेच माहीत होती, उस्तादले आन् त्याले. उस्ताद तं गेला. मंग कोन दाखवनार? या हातानं मी त्याले मीठ देल्लं, बाबू. तीस वर्षं." तिसरं माणूस तिनं मोजलंच नाही. तुम्ही मला तिथं नेलं होतंत हे तिला माहीत नसावं, किंवा माहीत असून ते तिच्या मनात शिरत नसावं. गावानं भुमक्याला ओढ्याच्या अलीकडे यायची बंदी केली आहे. त्याचा मध कुणी घेत नाही, डिंक घेत नाही, मीठ कुणी देत नाही, आणि हे सगळं काकूच्या शब्दावरून चाललं आहे, कारण उस्तादाची बायको खोटं कशाला बोलेल.

माझ्या तोंडात तिच्या भाकरीचा घास होता. मी म्हणालो, "हो काकू. तोच अशीन."

निघालो तर भुमका ओढ्याच्या पलीकडे पळसाखाली बसलेला. खूप वाळला आहे. पुढ्यात मधाची तुंबडी आणि पानात डिंक, कुणी मिठाला बदलून घेईल या आशेनं. मी मान खाली घालून पुढं जाणार होतो. तो म्हणाला, "सुताराचा पोट्टा." मी थांबलो. तो माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता, पायाकडे पाहत होता. माझ्या डाव्या पायाचा अंगठा वाकसानं गेला होता आणि तुम्हीच हळद दाबून बांधला होता, आठवत असेल. तो म्हणाला की घळ पडल्यावर तो तिथं गेला होता, झऱ्याच्या चिखलात चाळीस माणसांचे पाय होते, आणि सगळ्यांत पुढं चालणाऱ्या डाव्या पायाला अंगठा नव्हता.

मला वाटलं तो थुंकेल. थुंकला असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, मग गावात सांगितलं का नाहीस?

"कोनाले सांगू? सुतारनीले?" तो म्हणाला. "तिची पोरगी दूर देल्ली. तुले थे पोरगा म्हन्ते. मीठ मले दुसऱ्या गावात भेटते."

दुसरं गाव पहाडाच्या त्या अंगाला सहा कोसांवर आहे, आणि त्याच्याच्यानं काठीशिवाय उठवतही नव्हतं. मी विचारलं, घळ परत होईल का? तो म्हणाला की खुंटांना धुमारे फुटले होते, बकऱ्यांनी खाल्ले. कुणी पंधरा-वीस पावसाळे तिकडे पाय ठेवला नाही तर होईलही, पाहायला आपण नसू. मग त्यानं सरळ विचारलं, "तू सांगशीन का तिले?"

मी म्हटलं, सांगतो, आत्ताच मागं जाऊन सांगतो. तो "बरं" म्हणाला. मी गावाकडे वळलो, त्याच्या नजरेआड होईपर्यंत चाललो, आणि मग वावरातून आडवा निघून अमरावतीचा रस्ता धरला. तो अजून वाट पाहत असेल. माझी नाही, मला तो ओळखतो. मिठाची.

आज सकाळी एक गाडी इथून रिकामी तिकडेच निघाली होती. गाडीवानानं विचारलं, येतो का, सोबत होईल. मी त्याला बैल जुंपायला मदत केली, वंगण घातलं, आणि चढलो नाही. तुमच्या गावात आता एक वाचणारा माणूस आहे, देवळाशेजारी राहतो. दोन ओळी लिहून त्या गाडीतून त्याच्याकडे धाडल्या असत्या तर काकूला परवापर्यंत सगळं कळलं असतं आणि भुमका ओढा ओलांडून आला असता. मी धाडल्या नाहीत. तुमच्या नावानं लिहीत बसलो.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या मुलीच्या सासरहून पत्र आलं की तुम्ही मला हाक मारायचात, मी मोठ्यानं वाचायचो आणि तुम्ही रंधा थांबवून ऐकायचात. तिची सासू तिला जाचते असं जिथं लिहिलेलं असायचं त्या ओळी मी गाळायचो. तुम्हाला त्रास नको म्हणून नव्हे. तुमचा चेहरा पडला की मला तिथं बसवत नसे म्हणून. आज तुम्ही असता आणि हे पत्र तुमच्या हातात पडलं असतं, तर वाचून दाखवायला तुम्ही मलाच बोलावलं असतं. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली असती, चांदीची धाव ऐकवून तुम्हाला हसवलं असतं, आणि माघ महिन्यापाशी आलो की दोन पानं एकदम उलटली असती.